घंटीची दोरी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर, किरकोळ दुरुस्त्यांसह)



समितीचा फोन आला तेव्हा मला सांगितलं होतं, "तू आयटीतली, एआयवर बोल, पंधरा मिनिटं." मी हो म्हणाले आणि मग गुपचूप विषय बदलला. एआयवर बोलणारे आपल्या ग्रुपवर रोज सकाळी सहापासून हजर असतात, त्यात माझी भर नको. मला आज एका बसविषयी बोलायचं आहे, आणि एक माफी मागायची आहे. ज्या मैत्रिणीची मागायची ती इथेच बसली आहे. तिला आधी विचारलं, तर म्हणाली, "नाव घेऊ नकोस, बाकी काय ते बोल." म्हणून नाव घेणार नाही. तुम्हीही मागे वळून शोधू नका.

आपण लहान असताना पुणे-मुंबई रस्त्यावर दिसणारं एक दृश्य तुम्हाला आठवत असेल. नागड्या चासींची रांग. चाकं, पुढे इंजिन, स्टीअरिंग आणि फळीवर बसलेला ड्रायव्हर. डोक्याला मफलर, डोळ्यांवर गॉगल. ना काच, ना दार, ना टप. आपण थांब्यावर उभे राहून त्यांना हात करायचो आणि एखादा ड्रायव्हर भोंगा वाजवायचा.

आमच्या घरी चासी हा शब्द रोजचा होता. माझे वडील, अण्णा, दापोडीला एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बॉडी विभागात होते. हॅरिस पुलाच्या अलीकडे ती कार्यशाळा आजही आहे. एसटीच्या अशा तीन मध्यवर्ती कार्यशाळा: दापोडी, संभाजीनगरची चिकलठाणा आणि नागपूरजवळची हिंगणा. तिथे टाटाची किंवा लेलँडची चासी यायची आणि तिच्यावर सांगाडा, अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, खिडक्या, बाकं, शेवटी लाल रंग चढायचा. चासी कंपनीची, पण ज्या गाडीत आपण बसतो, खिडकीला डोकं टेकून झोपतो, ती दापोडीतल्या माणसांनी केलेली. आम्ही मामाच्या गावाला निघालो की अण्णा स्टँडवर गाडीच्या पत्र्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "ही आमची." मी लहानपणी गाडीवर त्यांचं नाव शोधायचे. ते कुठेच नसायचं.

आता माझ्या विषयाकडे येते. तुमच्या घरातली मुलं 'मॉड' हा शब्द वापरतात. मॉडिफिकेशनचं ते छोटं रूप. एखाद्या कंपनीने गेम काढला की त्यात खेळणाऱ्यांपैकीच कुणीतरी आपल्या मनाने भर घालतो. नवी गाडी, नवं मैदान, नवा रस्ता, कधी सगळा खेळच नवा. कंपनीने पगार दिलेला नसतो, कुणी सांगितलेलं नसतं. करतो आणि इतरांना फुकट देतो. थोडक्यात सांगायचं तर चासी कंपनीची आणि बॉडी या मुलांची.

हे फक्त आजच्या पोरांचं खूळ आहे असं वाटत असेल तर मुलांच्या बाकावरच्या मंडळींना एक प्रश्न विचारते. क्रिकेट ०७ किती जणांनी खेळलाय? हात बघा! ईए स्पोर्ट्सचा तो गेम २००६ च्या शेवटी आला. त्यानंतर त्या कंपनीने संगणकासाठी क्रिकेटचा गेमच काढला नाही. त्यात आपल्या खेळाडूंची नावंसुद्धा परवान्याअभावी वेडीवाकडी होती. आयपीएल सुरू झालं २००८ मध्ये. मग तुम्ही मुंबई इंडियन्स घेऊन खेळलात ते कुठून आलं? तो 'पॅच' कॉलेजातल्या कुठल्यातरी मुलाने रात्री जागून बनवला होता. गणवेश, चेहरे, बॅटवरचे स्टिकर, स्कोअरबोर्ड, सगळं. दर विश्वचषकाला, दर आयपीएलला नवा पॅच यायचा. कंपनीने सोडून दिलेला गेम या मुलांनी दीड दशकाहून जास्त काळ जिवंत ठेवला. आणि आपण तो पेन ड्राइव्हवरून घेताना एकदाही विचारलं नाही की हा केला कुणी.

आणखी एक. २०२० च्या सप्टेंबरात पब्जीवर बंदी आली तेव्हा आपल्या ग्रुपवर पालकांनी पेढ्यांचे फोटो टाकले होते. त्या पब्जीचं मूळसुद्धा मॉडच आहे. 'आर्मा २' नावाचा युद्धाचा गेम होता. त्यावर डीन हॉल यांनी 'डेझी' नावाचा मॉड केला. त्यावर ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसाने आपला 'शेवटपर्यंत जो उरेल तो जिंकला' हा खेळ रचला. पुढे कोरियन कंपनीने त्याला बोलावून घेतलं आणि २०१७ मध्ये पब्जी आला. त्याआधी १९९९ मध्ये मिन ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी 'हाफ-लाइफ' या गेमवर काउंटर-स्ट्राइक हा मॉड केला होता. सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून तो खेळलेले निदान सहा जण मला इथून दिसताहेत. मूळ गेमच्या कंपनीने तो मॉड नंतर विकत घेतला. म्हणजे कोट्यवधींच्या या धंद्याची बरीच बीजं अशा बिनपगारी रात्रींमध्ये रुजली आहेत.

इथे पालकांसाठी एक फोड करून सांगते, कारण माझाच घोटाळा झाला होता. 'मॉड एपीके' म्हणून जे फिरतं ते वेगळं. पैसे भरून घ्यायचं अ‍ॅप कुलूप तोडून फुकट वाटायचं, हा तो प्रकार. ती चोरी असते आणि त्यातून फोनमध्ये काय शिरेल सांगता येत नाही. ते मुलांना करू देऊ नका. मी बोलते आहे ती मुलं कुलूप तोडत नाहीत. बहुतेक वेळा कंपनीनेच दार उघडं ठेवलेलं असतं. आणि दार उघडं आहे हे दिसल्यावर ती आत जाऊन काहीतरी मांडून येतात.

आता माझी गोष्ट.

२०२१ ची. लॉकडाऊन उठत होता, पुन्हा लागत होता. आपल्या ग्रुपवर या मैत्रिणीने लिहिलं, "मुलगा डिप्लोमाला आहे, पण रात्र रात्र कॉम्प्युटरवर बस रंगवत बसतो. अभ्यास नाही, झोप नाही. काय करू?" तुमच्यापैकी पुष्कळांनी उत्तरं दिली. पण सगळ्यात मोठा मेसेज माझा होता. मी इंजिनिअर ना! मी लिहिलं की ही गेमची नशा आहे, यातून काहीही शिकणं होत नाही, रात्री दहानंतर वायफाय बंद कर आणि ग्राफिक्स कार्ड काढून विकून टाक. खाली पंधरा-वीस अंगठे आले. मला बरं वाटलं. बस रंगवतो म्हणजे नेमकं काय करतो, हे मात्र मी विचारलं नाही. ज्या मुलीचा बाप आयुष्यभर बसच बांधत होता, तिनेही विचारलं नाही.

पुढची तीन वर्षं मी ते विसरून गेले.

गेल्या वर्षी माझा बारा वर्षांचा मुलगा फोनवर बस चालवत बसला होता. 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' नावाचा गेम आहे, मालेओ या इंडोनेशियातल्या कंपनीचा, २०१७ चा. त्यात आपली गाडी घालण्याची सोय आहे. केरळातल्या मुलांनी त्यात आपल्याकडच्या टुरिस्ट बस आणल्या आणि तो गेम भारतभर पसरला. मग आपल्याकडच्या मुलांनी लालपरी आणली, शिवशाही आणली. अण्णा शेजारी बसले होते. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, मोबाइलवर राग. त्यांनी चष्मा पुढे ओढला आणि म्हणाले, "थांब. आत घे. गाडीच्या आत घे."

मुलाने कॅमेरा आत फिरवला. हिरवट रेक्झिनची बाकं, 'संकटकालीन मार्ग' ही अक्षरं, आणि टपाखालून पुढेपर्यंत गेलेली घंटीची दोरी. अण्णा त्या दोरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दोरीला झोळ आहे."

मला काही कळेना. ते म्हणाले, "अगं, नवी गाडी बाहेर पडते तेव्हा दोरी ताणलेली असते. कंडक्टरने वर्षभर ओढली की मध्ये झोळ पडतो. ज्याने ही गाडी केली त्याने एसटीत बसून नीट बघितलंय."

मी संगणकातली असल्यामुळे मला त्या झोळाचा दुसराही अर्थ कळला. पडद्यावरची प्रत्येक वस्तू छोट्या छोट्या त्रिकोणांची केलेली असते. त्रिकोण जास्त झाले की साध्या फोनला धाप लागते, म्हणून करणारा प्रत्येक ठिकाणी काटकसर करतो. रिवेट खरे करत नाहीत, चित्रात रंगवून भागवतात. दोरी सरळ असेल तर थोडक्यात होते. तिला झोळ द्यायचा तर तिचे तुकडे पाडून एकेक खाली ओढावा लागतो. म्हणजे या माणसाने दहा ठिकाणी वाचवलेले त्रिकोण दोरीच्या झोळावर खर्च केले होते. ते कुणी मागितलं नव्हतं. शंभरातल्या नव्वद जणांना तो झोळ दिसणारही नाही.

मी मुलाला म्हणाले, "कोण आहे हा? त्याला कळवायला हवं." मुलाचा चेहरा उतरला. मग त्याने मला ते पान दाखवलं. त्या बसखाली शेकडो लोकांनी लिहिलं होतं. "अपडेट कधी?" "शिवनेरी कधी?" "हॉर्न बकवास आहे." "माझ्या फोनवर चालत नाही, फालतू." आणि त्यातच एक ओळ माझ्या चिरंजीवांची: "जमत नसेल तर सोडून दे." सगळ्यात वर त्या मुलाने शेवटचं लिहिलं होतं, "आता पुरे. यापुढे काही टाकणार नाही." त्याला दीड महिना झाला होता.

मी मुलाला रागावले, पण रागावताना जीभ अडखळत होती. तो हे शिकला कुठे? ऑर्डर दहा मिनिटं उशिरा आली की आपण फोनवर कसं बोलतो, ते तो रोज ऐकतो. पैसे देऊन घेतलेली वस्तू आणि कुणीतरी प्रेमाने दिलेली वस्तू यांत फरक असतो, हे त्याला सांगितलं कुणी?

अण्णांनी एक वही मागितली. गाडीतल्या सात चुका लिहून काढल्या. खिडकीखालच्या पट्टीच्या रिवेटचं अंतर, मागच्या शिडीच्या पायऱ्या, ड्रायव्हरच्या दाराचा कडी-कोयंडा असं काय काय. प्रत्येक चुकीपुढे बरोबर कसं असतं त्याचं पेन्सिलीने चित्र. खाली लिहिलं, "दोरीचा झोळ उत्तम. मी दापोडीला बॉडीत होतो." माझ्या मुलाने त्या पानाचा फोटो काढून पाठवला आणि स्वतःच्या नावाने दोन ओळींची माफीही लिहिली. ती मी सांगितली नव्हती.

नऊ दिवस काही नाही. मग उत्तर आलं, "आजोबा, मी तुम्हाला भेटायला येऊ का? मला गुरुवारी सुट्टी असते."

गुरुवारी सुट्टी म्हटल्यावर कळलं, आपल्याच एमआयडीसीतला. आला. तेवीस वर्षांचा सडपातळ मुलगा. चाकणला एका सुट्या भागांच्या कंपनीत कंत्राटावर, कधी फर्स्ट शिफ्ट, कधी नाइट. अण्णांच्या पाया पडला, वही मागून घेतली. चहा घेताना मी सहज विचारलं, घरी कोण असतं, आई काय करते. त्याने आईचं नाव सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाला, "मावशी, ग्रुपवरच्या इंजिनिअर तुम्हीच ना? तुमचा मेसेज आईने मला वाचून दाखवला होता."

तेव्हा माझं काय झालं हे मला नीट सांगता येणार नाही. तो तक्रारीच्या सुरात बोलला नव्हता, ओळख सांगावी तसं बोलला. मी विचारलं, "मग पुढे?" तो म्हणाला, "कार्ड विकलं. मग एका मित्राच्या दुकानात जाऊन करायचो, दुकान बंद झाल्यावर."

त्या दिवशी त्याच्याकडून कळलं ते सांगते. त्या एका बससाठी सुट्टीचे दिवस धरून चार महिने लागले होते. तो वल्लभनगर आगारात जाऊन फूटपट्टी लावून मापं घ्यायचा आणि सुरक्षारक्षक हाकलायचा. ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर तो स्वतःच्या स्वतः शिकला. आपल्या कंपनीत त्याच प्रकारचं काम करणाऱ्यांना किती पगार देतात, ते मला माहीत आहे. मी त्याला विचारलं, सगळ्यात जास्त कशाने लागलं? मला वाटलं शिव्या म्हणेल. तो म्हणाला, "शिव्यांची सवय होते. पण एकाने माझी गाडी घेतली, माझं नाव काढलं, स्वतःचं टाकलं आणि जाहिराती लावून वाटली. लोक त्याला थँक्यू म्हणत होते."

अण्णा तोवर शांत होते. ते म्हणाले, "आमचं नाव तर कधी टाकलंच नव्हतं, म्हणून काढायचा प्रश्न आला नाही." आणि हसले. मला ते हसणं नीट ऐकवलं नाही.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, मुलांच्या गेमचं एवढं काय. म्हणून माझ्या क्षेत्रातली एक खरी घटना सांगते. जगभरातल्या सर्व्हरवर 'एक्सझेड' नावाची एक छोटी प्रणाली चालते, फाईल आकसून लहान करणारी. ती कित्येक वर्षं मुख्यतः एकच माणूस, मोकळ्या वेळात, बिनपगारी सांभाळत होता. २०२२ मध्ये त्याला पत्रं येऊ लागली, "अपडेट कधी? तुला जमत नसेल तर दुसऱ्याकडे दे." तो थकलेला होता, तब्येतीच्या कुरबुरी होत्या. मदतीला आलेल्या एका 'भल्या' माणसाच्या हाती त्याने हळूहळू काम सोपवलं. तो भला माणूस खोटा निघाला. त्याने आत चोरदरवाजा बसवला. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच दिसलं. त्याने त्याचा पिच्छा पुरवला आणि ते उघडकीला आलं. नाहीतर जगभरची यंत्रं कुणाच्या तरी हातात गेली असती. ती पत्रं लिहिणारेही बहुधा त्याच कटातले होते. कुणाला कुठे दाबलं की तो मोडतो, हे त्यांना ठाऊक होतं. "जमत नसेल तर सोडून दे" ही ओळ मी माझ्या मुलाच्या नावापुढे वाचली तेव्हा मला हे आठवलं.

मग करायचं काय? पैसे द्यावेत का? हा प्रश्न सोपा नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये स्टीम या गेमच्या दुकानाने 'स्कायरिम' या गेमचे मॉड विकायला परवानगी दिली. करणाऱ्याला किमतीचा चौथा हिस्सा. एवढा गदारोळ झाला की चार-पाच दिवसांत ती योजना गुंडाळली. फुकट देण्या-घेण्याच्या जागेत दुकान उघडलं की माणसं बिथरतात. शिवाय मूळ गेम दुसऱ्याचा असतो, गाडीवरचं बोधचिन्ह दुसऱ्याचं असतं, त्यामुळे विकायचं कसं हाही पेच. पण माणसांनी मनापासून वर्गणी काढली तर काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. हा मुलगा वापरतो ते ब्लेंडर २००२ मध्ये बंद पडायच्या बेतात होतं. ते सर्वांसाठी खुलं करायला एक लाख युरो हवे होते. वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत ते जमवले. म्हणून आज चाकणमधल्या मुलाला ते एक रुपयाही न देता मिळतं.

आपल्यापुरतं मला जे सुचलं ते सांगते. फार मोठं काही नाही.

पहिलं, आभार मानताना नेमकं माना. नुसतं 'मस्त' लिहिण्यापेक्षा 'दोरीचा झोळ आवडला' लिहा. त्या मुलाने मला सांगितलं, शेकडो मेसेजमध्ये त्याने जपून ठेवलेला एकच आहे, अण्णांच्या वहीचं पान. आणि त्यात सात चुका आहेत! चूक दाखवल्याचं दुःख होत नाही. बघितलंच नाही, याचं होतं.

दुसरं, चूक सांगायची तर सांगण्यासारखी सांगा. 'चालत नाही' म्हणजे डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणण्यासारखं. कुठला फोन, काय केलं, काय झालं, एवढं लिहिलं की त्याची अर्धी रात्र वाचते.

तिसरं, 'अपडेट कधी' हे विचारू नका. ज्याचा आपण पगार देत नाही त्याची हजेरी घेऊ नये.

चौथं, नाव पुसू नका. फाईल पुढे पाठवायची तर त्याच्या मूळ जागेचा दुवा पाठवा. स्वेच्छेने मदतीची पेटी ठेवली असेल तर वडापावाच्या हिशेबाने काहीतरी टाका. नसेल ठेवली तर नेटपॅक भरून द्या, जुनी हार्ड डिस्क द्या, मापं घ्यायला आगारात ओळख काढून द्या. मी ती काढून दिली. एवढं एकच काम माझ्या हातून बरं झालं.

आणि पाचवं पालकांसाठी. मुलगा किंवा मुलगी रात्री पडद्यासमोर बसलेली दिसली तर वायफाय बंद करण्याआधी शेजारी खुर्ची ओढून बसा आणि विचारा, "काय करतोयस, दाखव." नुसता खेळत असेल तर झोपवा. काही बनवत असेल तर बघा. झोप आणि अभ्यास दोन्ही हवेतच, त्यात सूट नाही. या मुलाचा डिप्लोमा एका वर्षाने लांबला, त्याच्या आईची काळजी खोटी नव्हती. पण तिला वेळापत्रक हवं होतं, मी तिला कुलूप दिलं.

सर, तुम्ही इथे आहात म्हणून सांगते. नववीत चित्रकलेच्या तासाला मी गणिताच्या वहीत बसची आकृती काढत होते, अण्णांची बघून. तुम्ही वही उचललीत. मला वाटलं, आता बाईंकडे जाणार. तुम्ही फक्त म्हणालात, "चाकाच्या वरची कमान जरा चुकली आहे." आणि वही परत दिलीत. मी इंजिनिअर झाले त्याची कारणं बरीच असतील, पण त्यातलं एक मला ते वाक्य वाटतं. मला जे मिळालं ते मी त्या मुलाला दिलं नाही, एवढंच माझ्या माफीचं कारण आहे.

आपण शाळेच्या संगणक कक्षासाठी निधी जमवतो आहोत. माझी विनंती आहे की त्यातली दोन यंत्रं जरा बऱ्या ताकदीची घ्यावीत, त्यावर ब्लेंडर घालावं आणि शनिवारी दुपारी तो कक्ष उघडा ठेवावा. कार्डांचा खर्च मी देते. एक कार्ड मी कधीतरी विकायला लावलं होतं, त्याची ही फेड समजा. शिकवायला कोण, हा प्रश्न येईल. तो मुलगा दोन शनिवार यायला तयार आहे. शिफ्ट असेल तर नाही येणार, हेही त्याने स्पष्ट सांगितलं आहे. त्याला 'कधी येणार' म्हणून कुणी फोन करायचा नाही.

शेवटचं सांगते. तो आता नव्वदच्या दशकातली अ‍ॅल्युमिनियमची गाडी करतो आहे. गुरुवारी येतो, अण्णांसमोर लॅपटॉप उघडतो आणि दोघं तासभर खिडकीच्या एका पट्टीवर भांडतात. पूर्ण कधी होईल, मी विचारलेलं नाही. बऱ्याच मॉडबरोबर एक छोटी माहितीची फाईल असते, फारसं कुणी न उघडणारी. त्यात त्याने अण्णांचं नाव टाकतो म्हटलं. अण्णा म्हणाले, "माझं एकट्याचं नको." आणि बॉडी विभागातल्या त्यांच्या जोडीच्या सहा जणांची नावं सांगितली. त्यातले चार जण आता नाहीत. ती सातही नावं त्या फाईलमध्ये आहेत. अण्णांनी ती मला मोठ्या अक्षरांत छापून आणायला लावली आणि दोनदा वाचली.

मैत्रिणी, तुझ्या मुलाबद्दल मी तेव्हा न बघता बोलले. चुकले. तू मला चहाला बोलावलं आहेस, मी येणार आहे, आणि येताना त्याने केलेली प्रत्येक गाडी बघायला वेळ काढून येणार आहे.